तीनशे साठ देठ

माझे थोरले भाऊ देशाचे पुढारी होते. हे मी मिरवायला सांगत नाही. पुढाऱ्याला मिरवायला बाहेरचे पुष्कळ असतात, निस्तरायला मात्र घरचे लागतात. मी घरचा.

वासुदेवराव गांगल हे नाव आज सांगितलं तर लोक डोकं खाजवतात. पण त्या काळी लाहोरपासून मद्रासपर्यंत ते नाव निघालं की सभा उठून उभी राहायची. मुंबईच्या देशसेवक मंडळाचे ते अध्यक्ष. स्वराज्यावर बोलायचे, आणि त्याहून जास्त बायकांच्या दुःखावर बोलायचे. 'विधवेचं केशवपन म्हणजे जिवंत माणसाची विटंबना' हे त्यांचं वाक्य शाळेतल्या पोरांना पाठ असे. विधवेचं पुन्हा लग्न व्हावं, आणि ते तिला विचारून व्हावं, यावर दोन-दोन तास व्याख्यान. टाळ्यांनी मांडव हलायचे म्हणे. म्हणे असं म्हणतो, कारण त्यातलं एकही मी ऐकलेलं नाही. मी कर्जत स्टेशनातला तारबाबू. घाट चढण्याआधी गाडीला मागून इंजिन लावतात, तेवढा वेळ ती आमच्याकडे थांबते. तेवढ्यात डब्याच्या खिडकीत दादा दिसले तर दिसले.

त्यांची बायको, माझी सुंदरावहिनी, भिसेगावात आमच्या घरी. नवव्या वर्षी लग्न होऊन आली ती तिथेच राहिली. आमची आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि वहिनी तेराची. तिनं मला भरवलं, न्हाऊ घातलं, मारलंसुद्धा. पुढे माझी बायको प्लेगात गेली, तेव्हा घरात आम्ही दोघंच उरलो. दादा वर्षातून दोनदा यायचे, गणपतीला आणि आंब्याला. मूल झालं नाही. वहिनीनं कधी तक्रार केली नाही, निदान मला ऐकू येईल अशी केली नाही.

एकोणीसशे सोळा साली मंडळाचं गाऱ्हाणं सरकारच्या कानावर घालायला दादा विलायतेला गेले. युद्ध चालू होतं, समुद्रात पाणबुड्या होत्या. सगळ्यांनी नको म्हटलं. पण नको म्हटलं की जायचं, हा आमच्या घराण्याचा गुण. सतराच्या माघात ते परत निघाले, आणि निघाल्यावर पंधराव्या दिवशी ती आगबोट बुडाली.

ही बातमी मला कशी कळली ते ऐका. साऱ्या लाईनीवरच्या तारा माझ्या बोटांखालून जात. कुणाचं बारसं, कुणाची बदली, कुणाचं मयत, सगळं मला आधी कळायचं. आणि सख्खा भाऊ बुडाल्याचं मला दोन दिवसांनी मुंबईच्या पेपरात वाचायला मिळालं. उतारूंच्या यादीत चौथं नाव. मी पेपर घडी घालून शर्टात घातला आणि रूळ ओलांडून घरी आलो. वहिनी चुलीपाशी होती. तिनं माझं तोंड पाहिलं आणि फुंकणी खाली ठेवली.

तरी आम्ही दोन महिने थांबलो. माणूस पोहत असेल, कुठल्या बेटावर लागला असेल, काय काय मनात यायचं. मुंबईत शोकसभा झाली, पुतळ्यासाठी समिती नेमली, तरी वहिनी म्हणायची, "थांबा भावजी, आपल्याला कुणी कळवलंय का? आपल्याला कळवतील की." चैत्रात आगबोट कंपनीचं पत्र आलं, यादीतला एकही उतारू वाचलेला नाही म्हणून. मग थांबायला काही उरलं नाही.

शरीर नाही, तर दहन कशाचं करायचं? आमच्यात त्याला विधी आहे. पळसाच्या पानांचे तीनशे साठ देठ घ्यायचे, त्यांचा माणूस मांडायचा. डोक्याच्या जागी नारळ. हाताला इतके, पायाला इतके, छातीला इतके, सगळं ठरलेलं. मग त्या देठांच्या माणसाला अग्नी द्यायचा. पण चैत्रात पळसाला फुलं असतात, पानं कुठली? शेवटी जवळच्या कोंडाणे गावची भागी ठाकरीण आठवली. डोंगरातून पळसाची पानं आणून आम्हाला पत्रावळी लावून द्यायची ती. तिच्याकडे सुक्या पानांच्या चळती असायच्या. सकाळीच ती चळत डोक्यावर घेऊन आली.

"देठ पायजेत? आन् पानं?" तिनं विचारलं.

"पानं नकोत. देठच तीनशे साठ."

"देठावं कोन जेवनार हाय, बाबू?"

मी सांगितलं, त्यांचा माणूस करायचाय, दादांचा. भागीनं चळत खाली टेकवली.

"आवं, मानूस पान्यात गेला तं पान्याचा झाला. त्याला काडीकाडीनं परत कशाला आनताय? आन् तो आला तं रं?"

मी तिच्यावर खेकसलो. धोंडभटजी ओटीवर बसले होते, त्यांच्या देखत असलं अभद्र बोलणं! भागीनं मुकाट्यानं देठ मोजून दिले. त्या दिवशी दुपारी उल्हास नदीच्या काठी मी माझ्या भावाला अग्नी दिला. नारळ फुटला तेव्हा मी मोठ्यानं रडलो.

दहाव्या दिवशी सखा न्हावी मागच्या अंगणात येऊन बसला. तो कशाला आला हे सांगायला नको. ओटीवर आबाजीकाका, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, धोंडभटजी आणि खालापुराहून आलेले सात-आठ भाऊबंद. वहिनीनं मला माजघरात हाक मारली. तिचे केस मोकळे सोडले होते, गुडघ्यापर्यंत येत. त्रेचाळीस वर्षांची होती, एक केस पांढरा नव्हता.

"भावजी, यांनी तो लेख लिहिलाय ना, केशवपनाचा आणि पुनर्विवाहाचा? पेटीत तळाशी आहे. मला वाचता येत नाही. तुम्ही काकांना वाचून दाखवा. यांचीच इच्छा होती म्हणावं."

मी लेख काढला. ओटीवर गेलो. काका म्हणाले, "काय रे सदू, हातात काय आहे?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "काही नाही. स्टेशनातले कागद." आणि लेख खिशात घातला.

एवढंच. माझ्या आयुष्यातला सगळा पराक्रम एवढाच आहे, आणि तो मी लपवत नाही. मागच्या अंगणात वस्तरा चालला तेव्हा आवाज काहीच झाला नाही. वहिनी रडली असती तर मी धावलो असतो, असं मी स्वतःला नंतर कितीदा सांगितलं. ती रडली नाही. विधवेचं लाल आलवण डोक्यावरून ओढून आत आली आणि म्हणाली, "भावजी, चहा ठेवू?"

आता आश्विनात या.

दुपारची वेळ. पुण्याहून घाट उतरून आलेली पॅसेंजर फलाटावर उभी होती. मी तार घेत होतो, मान खाली. खिडकीशी कुणीतरी आलं आणि म्हणालं, "सदू, लिहितोस काय? इकडे बघ."

मी वर पाहिलं. छातीपर्यंत पांढरी दाढी, व्यापाऱ्याची काळी टोपी, हातात पत्र्याची ट्रंक. आणि डोळे दादांचे. मी आधी त्यांच्या पायांकडे पाहिलं. भुताची पावलं उलटी असतात. ही सरळ होती. माझ्या हातातली पेन्सिल पडली आणि तिच्यामागोमाग मीही खुर्चीवरून पडलो. हसा हवं तर. पण ज्याला स्वतःच्या हातानं अग्नी दिला तो ट्रंक घेऊन खिडकीत उभा राहिला, तर तुम्ही काय कराल ते मला येऊन सांगा.

"घरी सगळं ठीक?" दादांनी विचारलं.

मी म्हणालो, "चला."

रूळ ओलांडून भिसेगावात शिरेपर्यंत दादा बोलत होते, मी ऐकत नव्हतो. माझ्या डोक्यात एकच. आता सांगावं का? कसं सांगावं? तेवढ्यात अंगण आलं. वहिनी सूप घेऊन तांदूळ पाखडत बसली होती, पाठमोरी, लाल आलवणात.

दादा थबकले. माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "ह्या सोवळ्या बाई कोण रे? काकांकडच्या?"

धरणीमाय पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात. मला त्याचा अर्थ त्या दिवशी कळला. वहिनीनं आवाज ऐकला आणि वळली. पदर मागे गेला. तिच्या डोक्यावर चार दिवसांची पांढुरकी खुंटं होती. सूप तिच्या हातातून सुटलं, तांदूळ अंगणभर झाले. दोघं एकमेकांकडे बघत उभी राहिली, आणि मी सांगतो, दोघांनाही समोर भूतच दिसत होतं.

मग दादांचा आवाज फुटला. सभेतला आवाज. "कुणी केलं हे? माझ्या घरात? माझ्या बायकोचं? कुणाची छाती झाली?"

शेजारपाजार जमला. आबाजीकाका पलीकडच्या घरातून काठी टेकत आले. ते पुतण्याला जिवंत पाहून दचकले खरे, पण काका ते काकाच. म्हणाले, "तू मेलास म्हणून केलं. तू नव्हतास मेला, तर कळवायचं होतंस."

दादा पायरी चढायला लागले तर धोंडभटजी आडवे झाले. ज्याची उत्तरक्रिया झाली त्याला उंबरठा ओलांडता येत नाही. दादांनी कपाळाला हात लावला आणि बाहेरच्या ओट्यावरच बसले. कुणीतरी तांब्याभर पाणी दुरून सरकवलं. पाणी प्यायल्यावर त्यांनी हकीकत सांगायला सुरुवात केली. बोलायला लागले की ते खुलायचे.

वाटेत पोर्ट सैदला त्यांना ताप भरला. बोटीवरून उतरवून इस्पितळात टाकलं, बोट पुढे गेली आणि बुडाली. यादीत नाव तसंच राहिलं. महिनाभर शुद्ध नव्हती. शुद्धीवर आल्यावर कळलं की हिंदुस्थानात आपल्याला मेलेलं धरलंय.

"तेव्हा माझ्या मनात काय आलं, सांगू?" दादा म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. "विलायतेत मी जी भाषणं केली त्यावरून सरकार मला मुंबईच्या धक्क्यावरच पकडणार, अशी कुणकुण होती. म्हटलं, मेलेल्या माणसाला कोण अडवतंय? मंडळाच्या चिटणीसांना सांकेतिक तार केली. जिवंत आहे, परत येईपर्यंत गुप्त ठेवा. मग मालवाहू बोटीवर कारकून म्हणून नाव घातलं. सहा महिने लागले, पण सगळ्यांच्या हातावर तुरी देऊन कोलंबोला उतरलो!"

जमलेली माणसं वाहवा म्हणाली. मीही म्हणणार होतो. तेवढ्यात दाराआडून वहिनीचा आवाज आला. इतक्या माणसांत ती कधी बोलत नसे.

"तार कधी केली?"

"फाल्गुनात," दादा म्हणाले. "का?"

"होळीच्या आधी की मागून?"

"मागून. चार-पाच दिवसांनी असेल."

तिची पावलं माजघराकडे गेली. आणि मीही हिशेब केला. होळी फाल्गुनात. देठ चैत्रात. वस्तरा त्यानंतर दहा दिवसांनी. भागीनं देठ मोजून दिले तेव्हा दादा जिवंत होते, शुद्धीवर होते, आणि इकडे आपण मेलेले आहोत हे त्यांना ठाऊक होतं. मुंबईला ठाऊक होतं. शोकसभेत रडलेल्या चिटणीसांना ठाऊक होतं. भिसेगावला दोन शब्द सांगावेत असं कुणालाच सुचलं नव्हतं. आणि सगळी दुनिया ज्या तारांवर बोलते त्या तारांपाशी मी रोज दहा तास बसत होतो.

आणखी एक सांगून टाकतो. पुढे कळलं, दादांवर वॉरंट वगैरे कधी निघालंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी धोंडभटजी पोथी घेऊन आले. ज्याचे दिवस झाले तो परत आला तर त्याचा पुन्हा जन्म करायचा, असं शास्त्र आहे. तुपानं न्हाऊ घालायचं, बारसं करायचं, मुंज करायची, आणि लग्न लावायचं. त्याच बायकोशी, नाहीतर दुसरीशी.

"मी हे थोतांड मानत नाही," दादा म्हणाले.

"नको मानूस," काका म्हणाले. "मग ती आहे तशीच राहील. नवरा ओट्यावर आणि बायको आलवणात."

दादांनी दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "तिच्यासाठी करीन." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दादा तिच्यासाठी काही करताहेत हे मी जन्मात पहिल्यांदा पाहत होतो.

पण पुढारी तो पुढारीच. आठ दिवसांत त्या घरगुती गोष्टीची चळवळ झाली. "सदू, ही देशाला दाखवायची गोष्ट आहे," मला म्हणाले. "माझी विधवा, माझ्याशीच पुनर्विवाह! याहून मोठं व्याख्यान कोणतं?" मुंबईला पत्रं गेली. आंब्याखाली मांडव पडला. मंडळाचे सभासद, चार पेपरवाले, एक फोटोवाला, सगळे गाडीनं कर्जतला उतरले. आबाजीकाका मुंबईच्या पाहुण्यांना पानसुपारी देत फिरत होते. सहा महिन्यांपूर्वी याच ओटीवर बसून त्यांनी वस्तरा चालवायला लावला होता, पण ते आठवायला वेळ कुणाला?

या सगळ्यात वहिनीला कुणी विचारलं का? नाही. मीही नाही. मला वाटलं, विचारायचं काय त्यात? बुडालेलं कुंकू परत येतंय, बाईला आणखी काय हवं? आम्ही सगळे जणू तिच्यावर उपकार करत होतो.

लग्नाच्या आदल्या दिवशी बारसं आणि मुंज झाली. देशाचा पुढारी, वय वर्षं पन्नास, उघडाबंब होऊन घंगाळात बसला आणि धोंडभटजींनी डोक्यावर तूप ओतलं. मग आमच्या म्हाताऱ्या सोनुआत्यानं दादांच्या कानात कुर्रर्र केलं आणि तेच जुनं नाव सांगितलं. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. दादाही हसले. मी मागच्या अंगणात गेलो, तिथे भागी जेवणावळीच्या पत्रावळी लावत होती, आणि वहिनी तिच्याजवळ बसून काड्या सोलून देत होती. मला पाहून दोघी थांबल्या नाहीत.

"तुमच्यात नवरा गेला तर काय करतात गं?" वहिनी विचारत होती.

"पाट लावतात. दुसरा दाल्ला करतात."

"आणि बाईच्या मनात नसलं तर?"

भागी हसली. "पयलं लगीन आयबाप लावतात, तवा पोरीला कोन इचारतं? पन पाट म्हंजे बाईचा कारभार. चार मानसांत बसवतात, तिला इचारतात. ती हो बोलली तं पाट. नाय बोलली तं समदे आपापल्या घरी."

"सगळ्यांच्या देखत विचारतात?"

"मंग? चोरून इचारायला ती काय चोरी हाय?"

वहिनीनं एक काडी मोडली, दुसरी घेतली. मला वाटलं, बायका बायकांचं बोलतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडव भरला. दादा दाढी करून पाटावर उभे, अंगावर उपरणं, समोर फोटोवाला. सोनुआत्या हिरवी साडी, चुडा आणि खोट्या केसांचं गंगावन घेऊन आत गेली आणि तशीच परत आली. तिच्यामागून वहिनी आली. लाल आलवणात, डोकं झाकलेलं, हात रिकामे. ती पाटावर चढली नाही. पाटाच्या अलीकडे उभी राहिली.

"आधी विचारा," ती म्हणाली.

धोंडभटजी अंतरपाट धरून होते. ते म्हणाले, "वधूला विचारायची रीत नाही, वहिनी."

"मी वधू नाही. विधवा आहे. विधवेला विचारायचं असतं. यांनीच लिहिलंय ते. भावजींच्या खिशात होता तो लेख, विचारा त्यांना."

सगळा मांडव माझ्याकडे वळला. मी जमिनीकडे पाहत होतो. मुंबईकरांत कौतुकाची कुजबुज झाली. दादांचा चेहरा फुलला. त्यांना वाटलं, वाहवा, किती छान सुचलं हिला! ते पाटावरून एक पाऊल पुढे आले, घसा साफ केला, आणि शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले, "सुंदराबाई, माझ्याशी विवाह करण्यास आपली संमती आहे काय?"

"नाही," वहिनी म्हणाली.

फोटोवाल्यानं काळ्या फडक्यातून डोकं बाहेर काढलं. कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं, कारण तिचा आवाज चढला नव्हता, थरथरला नव्हता. चहा ठेवू का असं विचारावं, तसा होता.

"सुंदरा," दादा हलक्या आवाजात म्हणाले. आता तो सभेतला नव्हता. "अगं, मी तुझ्यासाठी..."

"होळीनंतर चार दिवसांनी तुम्ही मुंबईला कळवलंत," वहिनी म्हणाली. बायका नवऱ्याशी 'इकडून' असं आडून बोलत, आणि ही तोंडावर, चारचौघांत, तुम्ही म्हणाली. "माझे केस चैत्रात गेले. मधे एक महिना होता. एका महिन्यात मला एक ओळ आली असती तर पुरली असती. मी वाटच बघत होते. भावजींना विचारा, मी रोज म्हणायचे, आपल्याला कळवतील." तिनं आलवणाचा पदर सारखा केला. "मी ज्यांची बायको होते, ते बोटीत बुडाले. त्यांचं मी सगळं केलं. तुम्ही कोण ते मला माहीत नाही."

मग ती माझ्याकडे वळली. "भावजी, लोक लांबून आलेत. उपाशी जायला नकोत. पानं मांडा." आणि आत निघून गेली.

मी पानं मांडली. दुसरं काय करणार होतो? भागीच्या पत्रावळींवर मुंबईचे पुढारी खाली माना घालून जेवले. दादा संध्याकाळपर्यंत त्या मांडवात पाटावर बसून होते. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते फक्त स्वतःच्या हातांकडे बघत होते. शेवटच्या गाडीआधी स्टेशनात आले. मी तिकीट काढून दिलं. गाडी हलली तेव्हा म्हणाले, "सदू, मला सुचलंच नाही रे. खरंच सुचलं नाही." आणि मी त्यांचा भाऊ असून मला वाटलं, हेच तर तिनं ओळखलं.

पुढचं सगळ्या महाराष्ट्राला माहीत झालं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, असं पेपरांनी ठळक अक्षरांत छापलं. दादा व्याख्यानाला उभे राहिले आणि बायकांचा विषय निघाला, की मागून कुणीतरी ओरडायचं, "घरी विचारलंत का?" वर्षभर त्यांनी सोसलं. मग बायकांवर बोलणं सोडलं, मग बोलणंच सोडलं. मंडळानं दुसरा अध्यक्ष नेमला. देशाचे पुढारी गिरगावातल्या एका खोलीत राहायला गेले आणि हळूहळू लोक त्यांना माजी म्हणायला लागले. भिसेगावला ते पुन्हा आले नाहीत. दर होळीनंतर चार दिवसांनी त्यांचं एक कार्ड यायचं, माझ्या नावाचं. मी खुशाल आहे, एवढंच लिहिलेलं. मी ते मोठ्यानं वाचायचो. वहिनी ऐकायची आणि कामाला लागायची.

सखा न्हाव्याला तिनं परत कधी अंगणात येऊ दिलं नाही. केस वाढवले. ते पांढरे आले. काकांनी आमच्याकडे पाणी प्यायचं सोडलं. ते तहानेनं मेले नाहीत. वहिनीनं मला वाचायला शिकवा म्हटलं, आणि पहिला धडा कोणता घ्यावा? तोच लेख. माझ्यासमोर बसून, अक्षर अक्षर लावत, 'जिवंत माणसाची विटंबना' इथपर्यंत आली तेव्हा मी उठून बाहेर गेलो. तिनं मला कधी एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर मी सुटलो असतो.

एकोणीसशे एकतीस साल. मार्गशीर्ष. सकाळी नऊला मुंबईहून यंत्र वाजायला लागलं. मी कागद ओढला. तारेत आधी पत्ता येतो, मग मजकूर. कट्ट-कड-कट्ट करत अक्षरं यायला लागली आणि माझा हात थांबला. अठ्ठावीस वर्षांत माझ्या घराच्या नावानं एकही तार आली नव्हती. तार माझ्या नावाची नव्हती. सुंदराबाई गांगल, भिसेगाव, कर्जत.

मजकूर लहान होता. वासुदेवराव आज पहाटे वारले. त्यांनी लिहून ठेवल्याप्रमाणे पहिली तार आपल्याला. आपल्यानंतर इतरांना कळवू.

मी यंत्र दुसऱ्याच्या हवाली केलं आणि कागद मुठीत धरून रूळ ओलांडले. वहिनी अंगणात तांदूळ पाखडत होती, तिथेच, त्याच जागी. सत्तावन्न वर्षांची झाली होती. मी तार इंग्रजीतून वाचली आणि मराठीत सांगितली. तिनं माझ्या हातातून कागद घेतला. इंग्रजी तिला येत नव्हतं.

"माझं नाव कुठे आहे?" तिनं विचारलं.

मी बोट ठेवलं. तिनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा. सूप मांडीवरून बाजूला ठेवलं.

"मुंबईला अजून कळलं नाही?"

"नाही. आधी तुलाच."

वस्तऱ्याखाली जी रडली नव्हती, मांडवात जी रडली नव्हती, ती माझी वहिनी तिथे अंगणात, दिवसाढवळ्या, तोंड न झाकता रडायला लागली.

"कळवलं," ती म्हणाली. "भावजी, या खेपेला कळवलं हो."